फूटपट्टी आणि इस्त्री

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथं पूर्वी मोडक्या खाटा रचून ठेवत, तिथं आता संशोधनाच्या दोन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत फूटपट्टी बसायची, दुसऱ्या खोलीत डॉक्टरीणबाई. मधे एक दार होतं. दोघींची तपासणी संपेपर्यंत एकीनं दुसरीला अवाक्षर सांगायचं नाही, असा नियम होता.

फूटपट्टी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती नर्स होती. वॉर्डात असताना ट्रेमधले कापसाचे बोळेसुद्धा एका ओळीत लावायची, म्हणून झाडपूस करणाऱ्या मावशींनी तिला हे नाव दिलं. मावशी दवाखान्यातल्या सगळ्यांनाच नावं ठेवत, आणि तीही दोन्ही अर्थांनी. पण हे नाव चिकटलं. फूटपट्टीलाही त्याचा राग नव्हता. उलट मनातून थोडं बरंच वाटायचं.

काम वरवर बघता सोपं होतं. मुलांचा इसब ओळखायला रक्त तपासून भागत नाही आणि यंत्रात घालूनही काही कळत नाही. डोळ्यांनी बघायचं, हातांनी चाचपायचं आणि विचारायचं. अडचण अशी की चार डॉक्टर चार तऱ्हांनी बघतात. एकाला इसब वाटतो तो दुसऱ्याला गजकर्ण वाटतो. मग औषध कुणावर चाललं आणि कुणावर नाही हे ठरणार कसं? म्हणून शहाण्या माणसांनी बसून मोजके प्रश्न काढले होते. सगळीकडे तेच विचारायचे, त्याच शब्दांत. फूटपट्टीनं तो छापील कागद भरायचा. डॉक्टरीणबाईंनी तो कागद न बघता, आपल्या मनानं हवं ते विचारून, अनुभवावर निदान करायचं. दोघींचं जुळलं तर कागद खरा ठरणार होता, आणि पुढेमागे जिथं कातडीचा डॉक्टर पोचत नाही तिथली नर्सही तो हातात घेऊन इसब ओळखू शकणार होती.

कागदावर पहिला प्रश्न खाजेचा होता. खाज नाही तर इसब नाही. मग बाकी सगळी लक्षणं हात जोडून उभी असली तरी नाही.

त्या दिवशी सकाळी फूटपट्टी दारात आली तेव्हा बाहेरच्या बाकावर दोन-तीन आया मुलांना घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या. बाकाच्या पार टोकाला, मधे एका माणसाची जागा सोडून, एक मुलगी बसली होती. पहिलीतली असेल. हात मांडीखाली दाबलेले, पाय जुळवलेले. तिच्या मागे भिंतीला टेकून तिचा बाप उभा होता. मधली जागा रिकामी होती तरी तो तिथं बसला नव्हता.

"या, आत या," फूटपट्टी म्हणाली. "काय नाव गं तुझं?"

"भिंगरी," बापच बोलला. "म्हणजे घरातलं. लहानपणी एका जागी ठरत नव्हती ना, म्हणून."

"आता तर अगदी शहाण्यासारखी बसली होती."

"हो," बाप म्हणाला. त्याचा आवाज जरा फुशारकीचा होता, पण चेहरा तसा नव्हता.

त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. हे त्यानं सांगायची गरज नव्हती. हात घासूनपुसून आलेला असला तरी बोटांच्या रेघांमधून वंगण काही गेलेलं नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढून त्यावर आलेला निरोप दाखवला. तपासणीच्या आदल्या दिवसापासून अंगाला तेल, मलम, काही लावू नका, असं त्यात लिहिलं होतं.

"काही नाही लावलं, सिस्टर. फार जिवावर आलं. असं कोरडं-कोरडं लेकरू चार माणसांत आणायचं म्हणजे... हिची आई म्हणते, लोक काय म्हणतील, बापाला थेंबभर तेल जड झालं!"

"आई नाही आली?"

"ती बेकरीत असते, रात्रपाळीला. आत्ता कुठं डोळा लागला असेल तिचा."

फूटपट्टीनं हात धुतले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि मगच भिंगरीचा हात हातात घेतला. कोपराच्या खळगीत कातडी जाड झाली होती, बारीक रेघारेघांची, जुन्या चामड्याच्या पाकिटासारखी. पुस्तकातल्या चित्रांत ही जागा लालबुंद असते. सावळ्या अंगावर इसब लाल दिसत नाही. जांभळट दिसतो, कधी राखाडी. त्यामुळे लाल शोधणाऱ्या डोळ्याला तो चकवा देतो. फूटपट्टी लाल शोधत नव्हती. तिनं बोटाचं टोक खळगीच्या कडेवरून हलकेच फिरवलं. गुडघ्यांच्या मागे तेच. मानेच्या वळीत तेच. पोटऱ्यांवर कोंडा. तिचा हात केव्हाच म्हणाला होता, इसब. पण हाताचं मत कागदावर कुठंच लिहायचं नव्हतं.

"गुदगुल्या होतात का गं?"

"थोड्या," भिंगरी म्हणाली आणि बापाकडे बघून लगेच तोंड मिटलं.

शेवटी फूटपट्टीनं तिची नखं पाहिली. हे कागदावर नव्हतं, पण शिकवताना सांगितलं होतं. ज्याला सतत खाज असते त्याची नखं घासून घासून आरशासारखी होतात. भिंगरीची नखं बारीक कापलेली आणि साधी होती. खडूसारखी निस्तेज.

मग प्रश्न. फूटपट्टीनं कागद समोर ओढला आणि रोजच्यासारखा सरळ पहिला प्रश्न वाचला.

"गेल्या वर्षभरात मुलाच्या अंगाला खाज सुटते का? म्हणजे मूल वारंवार अंग खाजवतं किंवा चोळतं का?"

"नाही," बाप म्हणाला. इतक्या झटकन, की घोकून आल्यासारखं वाटावं.

फूटपट्टीनं मान वर केली. "प्रश्न पुन्हा वाचू का?"

"वाचा की. उत्तर तेच आहे. कधीच खाजवत नाही ती. विचारा हवं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना."

तिनं पुन्हा वाचला. शब्दाला शब्द. समजावून सांगायची मुभा नव्हती. 'अहो, खरं सांगा,' असं म्हणायची तर मुळीच नव्हती. ज्या दिवशी नर्स समजावून सांगायला लागेल, त्या दिवशी कागद कागद राहणार नाही. तिच्या मनातलं तिथं उमटायला लागेल.

"नाही म्हणजे नाही," बाप म्हणाला.

तिनं 'नाही'वर खूण केली. पुढचे प्रश्न विचारले. लहानपणापासून आहे का, हो. कोपरात, गुडघ्यामागे येतं का, हो. कातडी कोरडी असते का, हो. सगळी हो, हो, हो, आणि त्यांच्या डोक्यावर एक नाही. बेरीज ठरलेली होती. इसब नाही.

"झालं?" बापानं विचारलं. मग जरा पुढे झुकला आणि आवाज खाली आणला. "सिस्टर, चिठ्ठी मिळेल ना?"

"कसली चिठ्ठी?"

"शाळेत द्यायची. हिच्या वर्गातल्या एका मुलीची आई आली भांडायला, हिला खरूज आहे म्हणून. आधी एका डॉक्टरनं तसं सांगितलं होतं खरं. मलम दिलं, काही झालं नाही. दुसरा म्हणाला गजकर्ण. आता वर्गातल्या बाई म्हणतात, डॉक्टरकडून लिहून आणा की लागण होत नाही, तोवर हिला वेगळं बसवू. खिडकीपाशी एक बाक दिलाय. एकटीला."

"खिडकीतनं सायकली दिसतात," भिंगरी म्हणाली. "पण सांगायला कुणी नसतं."

फूटपट्टीनं कागदाची कड टेबलाच्या कडेला जुळवली. "चिठ्ठी आत डॉक्टरीणबाई देतात."

त्या चिठ्ठी देतात हे खरं होतं. पण कशी, हेही तिला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईसुद्धा पहिल्यांदा खाजच विचारत. नाही म्हटलं की त्यांच्या भुवया वर जात आणि मन दुसऱ्या वाटेला लागे. बुरशी असेल, आणखी काही असेल, कातडी खरवडून पाठवू, कदाचित छोटासा तुकडाही काढू. निकाल येईपर्यंत 'लागण होत नाही' असं त्या लिहून देणार नाहीत. आणि नियमाप्रमाणे फूटपट्टी त्यांना काही सांगू शकत नव्हती. तोवर खिडकीपाशी एक बाक, एकटीचा.

"चल गं," बाप म्हणाला आणि भिंगरीच्या फ्रॉकची मागची बटणं लावायला खाली वाकला.

खिडकीतलं ऊन त्याच्या हातावर पडलं, आणि फूटपट्टीला काहीतरी चमकताना दिसलं.

तिला आधी वाटलं, बटणच. पण बटणं कापडानं मढवलेली होती. चमकत होती ती त्याची नखं. उजव्या हाताची, अंगठा सोडून. कडांना काळं वंगण, आणि मधे प्रत्येक नख घासूनपुसून लख्ख, वार्निश दिल्यासारखं. डाव्या हाताची नखं मात्र कुठल्याही सायकलवाल्याची असावीत तशी होती.

फूटपट्टी बघतच राहिली. त्याच्या मनगटावर, कोपरावर कुठं काही नव्हतं. मानही स्वच्छ होती. या माणसाला खाज नव्हती. मग ही नखं कशावर घासली गेली?

तिला एकदम कळलं. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. 'तुम्ही चोळता का हिला?' हा प्रश्न कागदावर नव्हता. उत्तर हातात देऊन विचारलेला प्रश्न तो. तसा विचारायचा नाही, हे इतर केंद्रांवरच्या नर्सना शिकवायला तीच तर गेली होती.

तिनं नजर कागदावर आणली. वाट काढायची तर कागदातूनच. पानाच्या अगदी वर, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. 'पालकांना वाचून दाखवा,' असं त्यांच्या डोक्यावर ठळक लिहिलेलं होतं.

तिचे कान तापले. त्या ओळी तिनं वाचल्याच नव्हत्या. आज नाही, काल नाही, गेले काही आठवडे नाही. सुरुवातीला रोज वाचायची. पण वाचायला लागलं की आयांची नजर घड्याळाकडे जाई, मुलं चुळबुळ करत, आणि कुणाला त्याचं काही पडलेलं नसे. मग कधी तरी त्या ओळी गळाल्या. इतक्या अलगद, की फूटपट्टीला स्वतःलाही त्या गळाल्याचं कळलं नव्हतं.

तिनं पेन उचललं आणि भरलेल्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ मारली. तिच्या गठ्ठ्यातली ती पहिली रेघ होती. खाली कारण लिहिलं: सुरुवातीचा मजकूर वाचला नाही. सही केली.

ही नखं दिसली नसती तर आपण रद्द केला असता का हा कागद? तिनं स्वतःला विचारलं. उत्तर काही फार चांगलं आलं नाही. पण मजकूर वाचलेला नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

"बसा जरा," ती म्हणाली. "चूक माझी झाली. कागद पुन्हा भरायला लागेल."

"नापास झाली का ती?" बापाचा चेहरा पडला.

"ती नाही. मी."

भिंगरीला हे फार आवडलं. तिनं मांडीखालचा एक हात बाहेर काढला.

फूटपट्टीनं नवा कागद घेतला आणि त्या ओळी वाचल्या. घाई न करता, एखाद्या आजाऱ्याला पेज भरवावी तशा.

"'आम्ही आता काही प्रश्न विचारू. त्यांची उत्तरं बरोबर किंवा चूक अशी नसतात. ही तुमची किंवा तुमच्या मुलाची परीक्षा नाही. तुम्ही मुलाची काळजी कशी घेता यावर कुणीही मत बनवणार नाही. मूल काय करतं आणि घरातले त्याच्यासाठी काय करतात, ते जसं आहे तसं सांगा.'"

बाहेर मावशींची बादली सरकल्याचा आवाज आला.

"बाबा," भिंगरी कुजबुजली. पण मुलांची कुजबूज ती, भिंतीपलीकडेही गेली असेल. "परीक्षा नाहीये म्हणतायत. इस्त्रीचं सांगायचं का?"

फूटपट्टीनं पेन मुद्दाम टेबलावर ठेवलं.

"पहिल्या डॉक्टरनं झापलं होतं मला," शेवटी बाप म्हणाला. "म्हणाला, पोरगी खाजवते म्हणजे तुमचं लक्ष नाही. नखं लागून चिघळलं तर माझ्याकडे येऊ नका. तेव्हापासून आमच्या घरात खाजवणं बंद. हात गेला की मी नुसतं बघतो. ती हात मांडीखाली घेते. शाळेतसुद्धा."

"आणि मग मी सगळं साठवून ठेवते," भिंगरी म्हणाली.

"साठवून ठेवते आणि झोपताना सगळं एकदम येतं. तळमळते नुसती. आई कामावर. मग मी..." त्यानं उजवी मूठ अर्धवट मिटली आणि आपल्याच गुडघ्यावर बोटांची पाठ फिरवून दाखवली. वर, खाली, वर, खाली. "नख लागायला नको ना. म्हणून नखाची पाठ लावायची. ती हिला गार लागते. झोपेपर्यंत करायचं. थांबलं की जागी."

"कपड्यांना करतात तशी इस्त्री," भिंगरीनं समजावलं. "पण गार. आणि बाबांना मधेच झोप लागते, मग मी त्यांचा हात धरून स्वतःच करून घेते."

"कधी गं?" बापानं चमकून विचारलं.

"रोज! तुम्ही घोरता."

फूटपट्टीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम येणं तिला पसंत नव्हतं. तिनं चष्मा नीट केला.

"आता प्रश्न वाचते," ती म्हणाली. "गेल्या वर्षभरात मुलाच्या अंगाला खाज सुटते का? म्हणजे मूल वारंवार अंग खाजवतं किंवा चोळतं का?"

"सुटते," बाप म्हणाला. मग भिंगरीकडे बघून, "फार सुटते हो, सिस्टर."

तिनं 'हो'वर खूण केली. त्याच्या नखांबद्दल कागदावर कुठंच रकाना नव्हता, आणि तिनं तो आखलाही नाही.

मधलं दार उघडून तिनं दोघांना आत सोडलं. नियमाप्रमाणे ती स्वतः बाहेरच राहिली. आत डॉक्टरीणबाईंचा घोगरा आवाज ऐकू आला. त्यांनी नेहमीचाच पहिला प्रश्न विचारला असावा. मग बापाचा आवाज, अडखळत. मग मधेच भिंगरी काहीतरी म्हणाली आणि डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसल्या. त्या सहसा हसत नसत. फूटपट्टीनं टेबलावरचं पेन सरळ केलं. ते आधीच सरळ होतं.

दार उघडलं तेव्हा बापाच्या हातात चिठ्ठी होती. त्यानं ती तिच्यापुढे धरली. "अक्षर लागत नाही मला. काय लिहिलंय?"

मधलं दार सताड उघडं होतं. दोघींची तपासणी संपली होती, आता वाचायला हरकत नव्हती. डॉक्टरीणबाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, पण फूटपट्टीला सवय होती.

"'मुलीला इसब आहे. तो तिच्यापासून कुणालाही होत नाही. तिला इतर मुलांबरोबरच बसवावं, हात धरायला हरकत नाही.'" ती थांबली. शेवटची ओळ डॉक्टरी चिठ्ठीवर शोभणारी नव्हती. "'खाज सुटली तर तिला रागावू नये. बापालाही रागावू नये.'"

"हे तुम्ही सांगितलं त्यांना?"

"मला सांगायची बंदी आहे. तुम्हीच सांगितलंत."

त्यानं चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"पुढल्या भेटीला मलम देतील, ते खाज कमी करणारं असेल," फूटपट्टी म्हणाली. "इस्त्री मात्र चालू ठेवा. ती काही चुकीची नाही."

"झोपून पडलात तरी चालेल," भिंगरीनं उदारपणे सांगितलं. "मी घेईन करून."

ती दोघं बाहेर गेल्यावर फूटपट्टी रेघ मारलेला कागद आणि कपाटातला गेल्या काही आठवड्यांचा गठ्ठा घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. एकाच मुलीपुरता तो मजकूर आठवला असं दाखवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण मग तिला फूटपट्टी कशाला म्हणायचं?

"हे सगळे रद्द करायला लागतील," ती म्हणाली. "मी वाचत नव्हते वरच्या ओळी."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून गठ्ठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं, फूटपट्टीलाच बाक आला तर आम्ही रेघा कशावर मारायच्या?"

"मी सगळ्यांना परत बोलावते. सुट्टीच्या दिवशी येईन."

"ये. मीही येते. मुलांना परत तपासायला मीपण लागेनच की." त्यांनी गठ्ठा आपल्याकडे ओढला. "आणि तो वरचा परिच्छेद मला एकदा वाचून दाखव. वर्षभरात मीही कुठं ऐकलाय तो."

तिनं वाचून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतला.

परत आपल्या खोलीत येऊन फूटपट्टीनं पुढच्या मुलाला बोलवायला दार उघडलं. बाकाशी मावशी फरशी पुसत होत्या आणि सगळ्यांना पाय वर घ्यायला लावत होत्या. बाप अजून गेला नव्हता. बाकावर बसला होता, मधल्या त्या रिकाम्या जागेत. आणि भिंगरी त्याच्याही पलीकडे, आयांच्या दाटीत, एका अनोळखी मुलाला कोपरानं ढोसत होती.

"सरक ना जरा. मी बसते."

"का?"

"मला चालतं आता. लिहून दिलंय."

मुलगा कुरकुरत सरकला. ती टेकली, मागे रेलली, आणि मग भर दिवसा, सगळ्यांच्या समोर, बापाच्या मांडीवर आपला उघडा हात टाकला, कोपराची खळगी वर करून. बापानं इकडेतिकडे पाहिलं. मावशी फडकं पिळत बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं. फूटपट्टीला वाटलं, आता या याला नाव ठेवणार.

"बघता काय?" मावशी त्याला म्हणाल्या. "करा की पोरीला. हात केव्हाचा पुढं केलाय तिनं."

त्यानं मूठ अर्धी मिटली आणि नखांची पाठ तिच्या हातावरून फिरवायला लागला. वर, खाली. भिंगरीचे पाय हलायला लागले. आधी एक, मग दोन्ही.